चेहरा शेवटी बघा: जपानी ठसाचित्रांतल्या फॅशनेबल स्त्रिया कशा वाचाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: हारुनोबू, कियोनागा, उतामारो या अठराव्या शतकातल्या जपानी चित्रकारांच्या ठसाचित्रांतल्या, म्हणजे लाकडी फळ्यांवरून छापलेल्या चित्रांतल्या, सगळ्या बायका सारख्याच दिसतात. लांबट चेहरा, बारीक डोळे, एवढंसं तोंड. मग त्यांतली गणिका कोण, गाणं-बजावणं करून रिझवणारी गेईशा कोण, घरची बाई कोण, हे ओळखायचं कसं? चित्राचा काळ कसा ठरवायचा? आणि एदोतल्या बायका खरंच अशा दिसत होत्या का?

या चित्रांपुढे उभं राहिल्यावर आपली नजर आधी चेहऱ्याकडे जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. चेहरा शेवटी बघा. आधी केस, मग ओबी म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, मग गळा आणि बाह्या, मग कापड, मग पाय. जुन्या ग्रुप फोटोत तोंडं पुसट झालेली असली तरी लुगड्याची नेसण आणि अंबाडा बघून आपण कोण कुठली ते सांगतो, तसंच हे. चित्रकाराने माहिती तिथेच भरून ठेवली आहे, कारण गिऱ्हाईक त्याच माहितीचे पैसे मोजत होतं.

अठराव्या शतकातलं एदो, म्हणजे आजचं तोक्यो, दहा लाखांच्या घरातल्या वस्तीचं शहर होतं. तिथे एक रंगीत ठसाचित्र सोबा नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांच्या भावात मिळायचं. चित्रकार आराखडा काढायचा, कोरणारा फळ्या कोरायचा, छापणारा छापायचा आणि या तिघांना पैसे देणारा असायचा प्रकाशक. काय खपेल ते तोच ठरवायचा. सुंदर स्त्रियांच्या चित्रांना जपानीत बिजिन-गा म्हणतात, आणि या मालात सर्वांत जास्त खपायचं ते 'यंदाचं' काहीतरी: यंदाची केशरचना, यंदाची गाठ, यंदाचा रंग.

याचा ढळढळीत पुरावा इसोदा कोर्यूसाईच्या एका मालिकेत आहे. 1775 च्या सुमारास सुरू झालेल्या 'हिनागाता वाकाना नो हात्सुमोयो' या मालिकेत शंभरावर चित्रं आहेत. प्रत्येकात योशिवारा या परवानाधारक वस्तीतली एक नामांकित गणिका नव्या नक्षीचे कपडे घालून आपल्या मदतनीस मुलींबरोबर उभी आहे, आणि तिचं नाव व तिच्या घराचं नाव वर लिहिलेलं आहे. कपड्यांच्या नमुन्यांच्या वह्यांना जे नाव होतं तेच मालिकेला दिलं होतं. पुढे उतामारोने उन्हाळी कपड्यांची एक मालिका केली. तिच्यात एचिगोया, दाईमारू अशा कापडाच्या पेढ्यांची नावं मथळ्यातच आहेत, म्हणजे हा माल कुठे मिळेल हे चित्रच सांगतं. एकोणिसाव्या शतकात एईसेन आणि कुनिसादा यांच्या चित्रांत कोपऱ्यात कुठेतरी 'सेन्जोको' या पांढऱ्या पावडरीची पुडी पडलेली दिसते. ती एदोच्या क्योबाशी भागातल्या एका दुकानाची जाहिरात असे. पावडरीचं नाव काबुकी या नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणारा नट सेगावा किकुनोजो तिसरा याच्या काव्यनामावरून घेतलं होतं. तेव्हा चित्राची विचारपूस करताना पहिला प्रश्न 'ही कोण?' असा नसावा. 'इथे काय विकलं जातंय?' असा असावा.

आता केस. काळ ओळखायला यासारखी दुसरी खूण नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

जपानी केशरचनेचे चार भाग वेगवेगळे बघायचे: कपाळावरचे पुढचे केस म्हणजे माएगामी, कानांवरून बाजूला फुगवलेले बिन, मानेवर मागे येणारे ताबो आणि डोक्यावरचा अंबाडा, ज्याला जपानीत 'मागे' असाच शब्द आहे. फॅशन प्रत्येक पिढीत यांपैकी एका भागाला ताणते आणि दुसऱ्याला आवरते. 1750 आणि 60 च्या दशकांत मागचा ताबो लांब निघून शेपटीसारखा वर वळलेला असतो, बाजू मात्र चपट्या. हारुनोबूच्या मुली अशाच आहेत. 1770 च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनसाशी नावाची पातळ कामटी आली. देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीपासून वगैरे बनवलेली ही कामटी केसांत आडवी घालून कानांवरचे केस दोन्ही बाजूंना पंख्यासारखे ताणून धरायचे. याला तोरो-बिन म्हणतात, कारण केस इतके विरळ पसरायचे की कंदिलाच्या जाळीसारखं पलीकडचं दिसायचं. बाजू फुगल्या तसा मागचा ताबो आत गेला. कियोनागा, एईशी आणि उतामारोच्या ऐन भरातल्या स्त्रिया या काळातल्या. 1800 नंतर बाजू हळूहळू पुन्हा खाली येतात, अंबाडा मोठा आणि भरीव होतो.

म्हणजे नियम सोपा आहे. शेपटी मागे बाहेर आलेली असेल तर हारुनोबूचा काळ किंवा थोडा आधीचा. पंखे बाजूला पसरलेले आणि आरपार दिसणारे असतील तर 1770 च्या अखेरीपासून 1790 च्या अखेरीपर्यंत. दहा-पंधरा वर्षांच्या फरकाने अंदाज बरोबर येतो. एकच जागा फसवी आहे: ऐतिहासिक किंवा दंतकथेतल्या स्त्रिया चित्रकाराच्या काळातल्या वेषात रंगवण्याची पद्धत होती. मथळ्यात हजार वर्षांपूर्वीच्या कवयित्रीचं नाव आणि डोक्यावर मात्र तोरो-बिन. तिथे विश्वास केसांवर ठेवायचा, मथळ्यावर नाही.

अंबाड्याच्या प्रकारावरून बाईचा दर्जा कळतो. शिमादा हा साधारणपणे अविवाहित मुलींचा आणि गेईशांचा. मारुमागे हा गोल अंबाडा लग्न झालेल्या बाईचा. फुलपाखराच्या पंखांसारखी दोन मोठी वळणं उभी राहिलेली ह्योगो रचना दिसली आणि सोबत कासवाच्या कवचाचे काटे व फण्या गर्दीने खोचलेल्या असल्या तर ती वरच्या दर्जाची गणिका. काट्यांची संख्याही काळ सांगते. हारुनोबूच्या काळात मोजके काटे पुरत, एईसेनच्या गणिकांच्या डोक्याभोवती त्यांची प्रभावळच दिसते.

ओबीची गाठ पुढे असेल तर बहुतेक वेळा गणिका. अठराव्या शतकाच्या आरंभी प्रौढ वयाच्या गृहिणीही गाठ पुढे बांधत, म्हणून या एका खुणेवर निकाल देऊ नका. जोडीला पाय बघा: योशिवारातल्या मोठ्या गणिका बर्फातही मोजे घालत नसत, आणि अनवाणी पाऊल हा त्यांच्या ऐटीचाच भाग होता. मागेपुढे एकसारखे कपडे घातलेल्या दोन लहान मुली असतील तर शंका उरत नाही, त्या तिच्या कामुरो, म्हणजे मदतनीस मुली. गेईशाची गाठ मागे, डोक्यात काटे थोडे, कपडे तुलनेने साधे आणि जवळ बहुधा शामिसेन हे तीन तारांचं वाद्य किंवा त्याची पेटी. लांब लोंबत्या बाह्या कुमारिकेच्या. लग्न झालं की बाह्या आखूड व्हायच्या, दात काळे केले जायचे आणि पुढे, बहुधा मूल झाल्यावर, भुवयाही काढल्या जायच्या. भुवया नाहीत, दात काळे आणि मांडीवर मूल, म्हणजे घरची बाई. नुसते काळे दात मात्र योशिवारातल्या गणिकांचेही असतात, भुवया मात्र त्यांनी ठेवलेल्या असतात.

ओबीची रुंदी हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे. सतराव्या शतकात मोरोनोबूच्या काळात ती अरुंद आहे, अठराव्या शतकात रुंद होत जाते आणि शेवटी छातीपासून कमरेखालपर्यंत येते. ओबी रुंद झाली तशी किमोनोवरची नक्षी खाली सरकली, कारण मधला भाग झाकला जायला लागला. 1790 च्या आसपासच्या चित्रांत वरचा भाग एकरंगी आणि नक्षी फक्त घेरावर, असं का दिसतं याचं निम्मं उत्तर हे आहे.

उरलेलं निम्मं सरकारी हुकमांत आहे. भपकेबाज कपड्यांवर शोगुनशाहीचे, म्हणजे त्या वेळच्या लष्करी राजवटीचे, निर्बंध वारंवार येत. सामान्य नगरवासीयांनी त्यातून वाट काढली ती रंग दबवून: तपकिरी, राखाडी आणि निळा, आणि त्यांच्या इतक्या छटा की एदोत अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर राखाडी असं म्हटलं जाई. वरून करडं कापड, आणि बाहीच्या टोकाशी किंवा पावलाशी आतल्या लाल वस्त्राची बोटभर कड. उतामारोच्या चित्रात ती लाल कड शोधा. सगळी मादकता त्या बोटभरात आहे. पट्ट्यांचं कापड दिसलं तर तेही नवलाईचं समजा. उभ्या बारीक पट्ट्यांच्या सुती कापडाला सान्तोमे म्हणत. ते मूळचं आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सान थोमेहून, आजच्या चेन्नईतून, जहाजांनी गेलेलं. पुढे जपानी विणकरांनी त्याच्या नकला केल्या. रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदराचं नावही असंच एका पट्ट्यांच्या रेशमी कापडाला जपानात चिकटलं. ते मात्र प्रामुख्याने पुरुषांच्या हाकामासाठी, म्हणजे चुण्यांच्या घोळदार विजारीसाठी, वापरलं जाई, त्यामुळे या चित्रांत ते फारसं भेटणार नाही.

स्त्रियांची फॅशन ठरवणाऱ्यांत काबुकीतले पुरुष नट आघाडीवर होते, हे विसरून चालणार नाही. सानोगावा इचिमात्सूने 1740 च्या दशकात रंगमंचावर चौकटीचौकटीचा हाकामा घातला आणि ती नक्षी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या सेगावा किकुनोजोने, ज्याचं काव्यनाम रोको होतं, 1760 च्या दशकात हिरवट तपकिरी रंग वापरला आणि शहरभर 'रोको-चा'ची लाट आली. चित्रात असा रंग किंवा चौकट दिसली तर ती बाई नाटक बघून आलेली आहे, असं प्रकाशकाला सांगायचं असतं.

शरीराची ठेवणसुद्धा फॅशनच. हारुनोबूच्या मुली बाहुलीसारख्या लहान आणि हलक्या, मनगटं काडीसारखी. कियोनागाच्या, 1780 च्या दशकातल्या, उंच, खांदे सरळ, डोक्याच्या आठपट उंचीच्या. तीन कागद शेजारी लावून तो नदीकाठचा देखावा मांडतो तेव्हा या बायका खरोखर चालत असल्यासारख्या वाटतात. एईसेन आणि कुनिसादाच्या 1820-30 च्या बायका ठेंगण्या, पाठीत किंचित वाकलेल्या, मान पुढे काढलेल्या. काही अभ्यासक याला ऱ्हास म्हणत आले, मला ते पटत नाही. ती त्या वेळच्या एदोची धीट, शहरी अदा आहे. एईसेनच्या स्त्रीचा खालचा ओठ हिरवा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. करडईच्या फुलांचा लाल रंग ओठावर थरावर थर लावला की सुकल्यावर तो हिरवट सोनेरी चमकतो, आणि तीच त्या काळची चाल होती. हा रंग फार महाग. ज्यांना परवडत नसे त्या खाली काळ्या शाईचा हात देऊन वर थोडाच लाल लावत आणि तीच चमक आणत.

आता चेहरा. जुन्या दरबारी चित्रकलेत डोळ्यासाठी एक रेघ आणि नाकासाठी एक आकडा एवढ्यावर चेहरा उभा केला जाई. ठसाचित्रांनी तेच घेतलं. तरी 1790 च्या दशकात उतामारो आणि त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो यांनी नटांच्या चित्रांतली अर्धाकृती रचना स्त्रियांसाठी वापरली: छातीपासून वर, चेहरा मोठा, मागे अभ्रकाची चमकती जमीन. 1792-93 च्या सुमाराच्या स्त्रियांच्या दहा प्रकारांच्या मालिकेत पोप्पेन हे काचेचं खेळणं फुंकून वाजवणारी मुलगी आहे. ती स्वभावाचा एक प्रकार म्हणून मांडली आहे, आणि हे नवीन होतं.

1793 च्या सुमाराचं तीन सुंदरींचं चित्र घ्या. एदोतल्या आसाकुसाच्या देवळाजवळच्या नानिवाया चहाघरातली ओकिता, र्योगोकू भागातल्या ताकाशिमाया या सेनबेई (तांदळाच्या कुरकुरीत चकत्या) विकणाऱ्या घरातली ओहिसा आणि योशिवारातली गेईशा तोमिमोतो तोयोहिना. पहिल्या नजरेत तीन एकसारख्या बाहुल्या. मग नाकाचा बांक, पापणीचा उतार आणि गालाची भरणी एकेक करून ताडून बघा: फरक केसाएवढे आहेत, पण आहेत, आणि उतामारोच्या इतर चित्रांत तेच फरक त्याच स्त्रीला पुन्हा मिळतात. खात्रीसाठी चिन्हं आहेत. ओकिताकडे पाउलोनिया या झाडाच्या पानांचं चिन्ह, ओहिसाकडे तीन ओकची पानं, तोयोहिनाकडे प्रिमरोझचं फूल. ही चिन्हं कपड्यावर किंवा पंख्यावर असतात.

चिन्हं इतकी महत्त्वाची का झाली, तर नावं लिहिणं बंद झालं म्हणून. 1793 मध्ये गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं चित्रांवर छापायला मनाई आली. उतामारोने नावाची चित्रकोडी सुरू केली: भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, खोल समुद्र आणि भातशेत. त्यांचे जपानी उच्चार जोडले की नानिवाया ओकिता. 1796 मध्ये कोड्यांवरही बंदी आली आणि 1800 मध्ये स्त्रियांच्या मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर. 1804 मध्ये सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यावरच्या चित्रांबद्दल उतामारोला पन्नास दिवस हातकड्या ठोकल्या गेल्या. दोन वर्षांनी तो वारला. 1842 च्या सुधारणांत तर नट, गणिका आणि गेईशा यांच्या चित्रांवरच बंदी आली, म्हणून 1840 च्या दशकात अचानक आज्ञाधारक मुली, कष्टाळू आया आणि पतिव्रता दिसायला लागतात. कपडे आणि केस बघा, फॅशन तिथेही चालूच आहे.

'खरंच अशा दिसत होत्या का' या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. कपडे, केस, गाठी यांबाबत चित्रं विश्वासू आहेत, कारण चुकीची फॅशन छापली असती तर माल पडून राहिला असता. जगण्याबाबत मात्र मुळीच नाही. योशिवारातल्या मुली बहुतेक गरीब घरांतून पैसे देऊन, ठरावीक वर्षांच्या करारावर आणलेल्या असत. वस्तीभोवती खंदक होता आणि बाहेर पडायला बंदी. कपडे, अंथरूण, मदतनीस मुलींचा खर्च गणिकेच्याच नावावर कर्ज म्हणून चढे. कोर्यूसाईच्या चित्रात जे नवं वस्त्र झळकतं ते त्या कर्जाचाच भाग असणं अगदी शक्य आहे. शेजारची कामुरो नऊ-दहा वर्षांची दिसते तेव्हा तिथे क्षणभर थांबावं.

आता छपाईकडे, कारण चांगली आणि सुमार प्रत यांतला फरक तिथेच कळतो. आराखडा पातळ कागदावर काढून चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतात आणि कागदासकट कोरतात. मूळ रेखाटन त्यात संपतं. चेहरा आणि केस सर्वांत अनुभवी कोरणाऱ्याकडे, कपडे आणि मथळे हाताखालच्यांकडे. चित्रकार कपाळाजवळच्या केसांची फक्त हद्द दाखवतो, एकेक केस कोरणारा आपल्या मनाने काढतो. एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन केस उभे ठेवायचे, तेही मुळाशी दाट आणि टोकाला निमुळते. चाकू जरा जास्त तिरपा पडला तर केस तळाशी पोकळ होतो आणि काहीशे प्रतींनंतर तुटतो. म्हणून प्रत आधीची की नंतरची हे बघताना भिंग सरळ कपाळाच्या कडेवर धरायचं. केस सलग असतील तर प्रत लवकरची. मधे तुटलेले, किंवा शाई भरून एकमेकांना चिकटलेले असतील तर फळी थकलेली.

रंगासाठी प्रत्येकी वेगळी फळी किंवा फळीची बाजू लागते. सगळ्या नीट जुळाव्यात म्हणून प्रत्येक फळीवर दोन खाचा असतात, खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनी आणि त्याच कडेवर डावीकडे सरळ. यांना केन्तो म्हणतात. कागद कागदी तुतीच्या धाग्यांचा, सरस आणि तुरटीचं पाणी दिलेला. छापताना तो ओलसर असावा लागतो. मधेच सुकला तर आकसतो आणि रंग रेषेबाहेर जातो, जास्त भिजला तर रंग पसरतो. तुरटी कमी पडली तर केसांच्या रेषांची शाई फुटते, जास्त पडली तर कागद ठिसूळ होतो. आधी काळ्या रेषांची फळी, मग साधारणपणे फिक्याकडून गडदकडे. ब्रशने रंग आणि भाताची थोडी खळ फळीवर पसरायची, कागद ठेवायचा आणि बारेन या बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासायचं. खळ कमी पडली की सपाट रंगावर ठिपके उठतात.

हारुनोबूने 1765 मध्ये ही बहुरंगी पद्धत रूढ केली, आणि निमित्त होतं हौशी कवी-मंडळींच्या नववर्षाच्या दिनदर्शिकांचं. मोठ्या (तीस दिवसांच्या) आणि लहान (एकोणतीस दिवसांच्या) महिन्यांचे आकडे तो ओबीच्या नक्षीत किंवा किमोनोच्या घडीत लपवायचा. पांढऱ्या कपड्यावर शाईशिवाय दाबून उठवलेली नक्षी हीसुद्धा त्याची आवडती युक्ती. ती समोरून दिसत नाही, प्रकाश बाजूने तिरपा पडला की उठून येते. फोटोत ती जवळजवळ नेहमीच हरवते, म्हणून हारुनोबूचं पांढरं वस्त्र 'रिकामं' आहे असं पडद्यावर बघून म्हणू नये. उतामारोकडे बघायच्या गोष्टी वेगळ्या: पारदर्शक जाळीच्या कापडाआडून दिसणारं मनगट, फणीआडून दिसणारे केस, आणि काही चित्रांत चेहऱ्याची काळ्याऐवजी फिकी लालसर बाह्यरेषा. अभ्रकाची जमीन चित्र हलवल्यावर चमकते. सपाट करडी दिसत असेल तर अभ्रक झडलेलं आहे.

आणि रंगांबद्दल सर्वांत मोठी सावधगिरी: आपण बघतो ते रंग बहुधा मूळचे नाहीत. करडईचा लाल उजेडात उडतो. निळा रंग ज्या रानफुलापासून काढत ते आपल्या शेताच्या बांधावरच्या केन्याच्या कुळातलं. तो ओलाव्याने विरघळतो आणि काळानुसार पिवळट मातकट होतो. या दोन्हींच्या मिश्रणाचा जांभळा हा फॅशनेबल स्त्रियांचा लाडका रंग, आणि तोच आधी मरतो आणि तपकिरी होतो. शेंदराचा नारिंगी कधी कधी काळवंडतो. हळदीचा पिवळा फिका पडतो. नीळ, हिंगूळ आणि काळी शाई टिकतात. म्हणून 'हारुनोबूची मातकट, शांत रंगसंगती' हे कौतुक बरेचदा उडालेल्या रंगांचं असतं. मूळ बघायची असेल तर बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातला स्पॉल्डिंग संग्रह बघा. 1921 मध्ये दिलेल्या या साडेसहा हजार चित्रांबरोबर ती प्रदर्शनात कधीही न लावण्याची अट होती. त्यामुळे रंग टिकले, आणि आज त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन बघता येतात. तिथला जांभळा एकदा बघितला की इतर प्रती मनातल्या मनात दुरुस्त करता येतात.

काळाची शेवटची तपासणी शिक्क्यांवर करायची. 1790 पासून 'किवामे' हा गोल परवानगीचा छोटा शिक्का येतो. तो असेल तर चित्र त्यापूर्वीचं नाही. 1842 नंतर त्याजागी परीक्षकांच्या नावांचे शिक्के येतात, 1847 पासून साधारण पाच वर्षं दोन-दोन. 1850 च्या दशकापासून बारा वर्षांच्या चक्रातला त्या वर्षाचा प्राणी आणि महिना सांगणारे शिक्केही मिळतात, तेव्हा महिन्यापर्यंत तारीख लागते. गडद, थंड, सपाट निळा दिसला तर तो आयात केलेला प्रशियन निळा, म्हणजे 1830 च्या सुमाराचं किंवा नंतरचं काम. झगझगीत जांभळा आणि किरमिजी असतील तर बहुधा 1860 नंतरचे रासायनिक रंग. केस 1790 चे आणि रंग रासायनिक, असा मेळ दिसला की ती नंतरची नक्कल.

नकला पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या फसवणुकीच्या नाहीत. मेइजी काळापासून, म्हणजे 1868 नंतर, उत्तम कोरणाऱ्यांनी जुन्या चित्रांच्या नव्या फळ्या केल्या आणि अभ्यासासाठी त्या फार उपयोगी आहेत. विकत घेताना भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रछपाई, विषय संपला. कागद उलटा करा: हाताने छापलेल्या प्रतीत रंग पाठीपर्यंत झिरपलेला आणि बारेनच्या घासण्याच्या खुणा असतात. मोठा ओबान आकार सुमारे 39 × 26 सेंटिमीटर असतो. कडा छाटल्यामुळे जुनी प्रत थोडी लहान असू शकते, बरीच मोठी किंवा बरीच लहान असेल तर विचारपूस करा. कागद सगळीकडे एकसारखा चहाच्या रंगाचा असेल तर तो मुद्दाम जुना केलेला असण्याची शक्यता मोठी.

मेइजीनंतरची वाट थोडक्यात सांगतो. चिकानोबू पाश्चात्त्य झगे आणि नवे अंबाडे दाखवतो. योशितोशी 1888 मध्ये बत्तीस स्त्रियांच्या मालिकेत निरनिराळ्या दशकांच्या आणि थरांच्या बायका त्यांच्या नेमक्या भावासह मांडतो. मला ही मालिका उतामारोच्या तोडीची वाटते. विसाव्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरोने जुनी कामाची विभागणी पुन्हा उभी केली. इतो शिन्सुईची 1916 ची आरशापुढची स्त्री त्याच्याकडूनच आली. हाशिगुची गोयोनेही पहिलं ठसाचित्र त्याच्याबरोबर केलं, पण 1920 ची केस विंचरणारी स्त्री त्याने स्वतःच्या देखरेखीखाली छापून घेतली. तिच्या केसांत कोरणाऱ्याचं कसब अगदी टोकाला गेलेलं दिसतं. कोबायाकावा कियोशीची 1930 ची किंचित चढलेली तरुणी बॉबकट, सिगारेट आणि कॉकटेलसह बसली आहे. केस, कपडे, हातातली वस्तू आणि मग चेहरा, हाच क्रम तिलाही लागू पडतो.

घरी मूळ प्रत असेल तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती भिंतीवर ठेवू नका. आम्लरहित पुठ्ठ्याच्या दोन थरांत, सपाट पेटीत, पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहील अशा खोलीत ठेवा. चिकटवायची वेळ आली तर जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही फक्त वरच्या कडेला. सेलोटेप कधीच नाही. लावायचीच असेल तर मंद, सुमारे 50 लक्स उजेडात, वर्षातले दोन-तीन महिने. डाग पडला म्हणून ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका: जुना निळा पहिल्याच स्पर्शात उठतो आणि तो परत बसवता येत नाही.